गंगाळ कोण उचलणार?
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आजची मुलं’ या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. विषय फार मोठा आहे, म्हणून मी तो माझ्यापुरता लहान करून घेतला आहे. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांमधला स्वार्थ, आणि सेवेबद्दलची येशूची शिकवण तिथे कशी उपयोगी पडते, एवढ्याबद्दलच बोलते. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. रविवारी मात्र पुण्यात आमच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेत याच वयाच्या मुलांचा वर्ग घेते. गेली नऊ वर्षं घेते आहे. जे सांगणार आहे ते त्या वर्गातलं आहे.

इथे बसलेले सगळे ख्रिस्ती नाहीत. नगरच्या आपल्या या शाळेत परिपाठाची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हटली, ईदनंतरचा शीरखुर्मा आणि दिवाळीच्या करंज्या सगळ्यांनी मिळून संपवल्या. मी माझ्या घरच्या पुस्तकातून बोलते. तुम्ही आपापल्या घरचं त्यात जोडून घ्या.

आधी स्वार्थाबद्दल. या वयाच्या मुलाला स्वार्थी म्हणणं सोपं आहे. चार्जर माझा, खोली माझी, खिडकीजवळची सीट माझी. घरात कुणी आजारी असलं तरी प्रश्न एकच, ‘मग माझ्या मॅचचं काय?’ आपण हे ऐकतो आणि घाबरतो. पण या वयात मुलाचं लक्ष स्वतःकडेच वळलेलं असतं. शरीर बदलत असतं, आवाज फुटत असतो, आरशातला माणूस रोज नवा दिसतो. पुढचा विचार करणारा, स्वतःला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो, असं शास्त्र सांगतं. तेव्हा पहिली गोष्ट अशी की, हे मूल वाईट नाही. ते अर्धवट घडलेलं आहे.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. त्याच्या भोवतीचं घर आपण बांधलेलं आहे. आमच्या क्षेत्रात सर्व्हर नावाचं यंत्र असतं. शब्दाचा अर्थ सेवक. ते चालू असतं तोवर कुणाला त्याची आठवण येत नाही. बंद पडलं की रात्री दोन वाजता सगळे जागे होतात. बहुतेक घरांत असा एक सर्व्हर असतो आणि मुलं त्याला आई म्हणतात. क्लासची वेळ, डबा, धुतलेला युनिफॉर्म, प्रोजेक्टची थर्माकोल शीट, सगळं मागितलं की हजर. ज्या मुलाला चौदा वर्षं कुणी एकही गोष्ट खरोखर मागितलेली नाही, त्याने द्यायला कुठे शिकावं?

आता शुभवर्तमानाकडे येते. माझ्या वर्गातल्या मुलांना येशूचे बारा शिष्य फार आवडतात, कारण ते त्यांच्यासारखेच आहेत. कफर्णहूमच्या वाटेवर ते आपसात वाद घालत होते. घरी पोचल्यावर येशूने विचारलं, वाटेत काय चाललं होतं? सगळे गप्प. वाद हा होता की आपल्यात मोठा कोण. सर वर्गात आल्यावर आपण जसे गप्प व्हायचो, अगदी तसेच. पुढे याकोब आणि योहान या जब्दीच्या मुलांनी सरळ मागणीच केली की, तुझ्या राज्यात एकाला उजवीकडे बसव आणि एकाला डावीकडे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर ही मागणी घेऊन त्यांची आई आली आहे. आपल्या मुलांसाठी पहिल्या बाकाची शिफारस घेऊन आलेली आई! हे सांगितलं की वर्गात हशा पिकतो आणि मागे उभे असलेले पालकही हसतात, थोडे जपून. बाकीचे दहा शिष्य त्या दोघांवर चिडले. मी मुलांना विचारते, का चिडले असतील? दर वर्षी कुणीतरी बरोबर उत्तर देतं, ‘कारण त्यांनाही तीच जागा हवी होती.’

इथे येशूने काय केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. मोठं व्हायची इच्छा धरू नका, असं तो म्हणाला नाही. ती इच्छा त्याने राहू दिली आणि मोठेपणाचा अर्थ बदलला. ज्याला मोठं व्हायचं आहे त्याने इतरांचा सेवक व्हावं, आणि मीही सेवा करून घ्यायला आलेलो नाही, करायला आलो आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. तेरा वर्षांच्या मुलाला ‘तू काही विशेष नाहीस’ असं सांगून तो निःस्वार्थी होत नाही. तो फक्त खट्टू होतो. त्याला मोठं व्हायचंच आहे. त्याला मोठं व्हायचं काम द्यायला हवं.

आणि मग शेवटच्या रात्रीचं जेवण. लूक सांगतो की त्या जेवणाच्या वेळीही शिष्यांचा तोच वाद चालू होता, मोठा कोण. योहान सांगतो की त्याच जेवणात येशू उठला, वरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि एकेकाचे पाय धुवायला लागला. त्या काळी वाटा धुळीच्या, पायांत उघड्या वहाणा. पाय धुणं हे घरातल्या सर्वांत खालच्या नोकराचं काम. त्या खोलीत नोकर नव्हता आणि बारांपैकी एकही उठला नव्हता. पेत्र नको म्हणाला, कारण गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सोसेना. शेवटी येशू पुन्हा जागेवर बसला आणि म्हणाला की, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. मग मी तुमचे पाय धुतले, तसे तुम्हीही एकमेकांचे धुवावेत.

‘एकमेकांचे’ हा शब्द नीट पाहा. बाहेरच्या गरिबांचे, दूरच्या गावातल्या लोकांचे, असं तो या वेळी म्हणाला नाही. त्यांच्याबद्दल तो इतर ठिकाणी भरपूर बोलला आहे. इथे मात्र त्याच खोलीत बसलेल्या, ज्यांच्याशी आत्ताच भांडण झालं त्यांचे. आज शाळांमधून आणि मंडळ्यांमधूनही मुलांना अनाथाश्रमात नेतात. बिस्किटांचे पुडे वाटतात, फोटो काढतात, संध्याकाळी परत येतात. हेतू चांगला असतो. पण ते मूल घरी येऊन बूट दारातच भिरकावतं आणि धाकट्या बहिणीला रिमोट देत नाही. अनोळखी माणसाची एक दिवस सेवा करणं सोपं असतं, कारण तो आपल्याला ओळखत नसतो. बहिणीला आपण पुरते ठाऊक असतो. तिथे सेवा करताना मिरवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी हा पाठ चालू असताना एका मुलीने हात वर केला. शांत, फारसं न बोलणारी मुलगी. ती म्हणाली, ‘येशूने एकदा पाय धुतले ते ठीक आहे. आमच्या घरी रोज आईच सगळ्यांचं करते. तिला कुणी प्रभू म्हणत नाही.’

वर्ग एकदम शांत झाला. त्या प्रश्नाला मी त्या दिवशी जे उत्तर दिलं, तेच आज तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, सेवा आणि वेठ. लांबून दोन्ही सारखी दिसतात. दोन्हींत हात राबतात, पाठ वाकते. नगर जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत. निरोप पोचवणं, सरकारी माणसाचा बोजा वाहणं, मेलेली गुरं ओढणं ही कामं त्यांना जन्माने लागलेली. नाही म्हणायची सोय नव्हती. ही कनिष्ठ वतनं मुंबई राज्यात रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी ते दिवस पाहिलेले आहेत. अशा घरात ‘सेवा कर’ म्हणून सांगताना शब्द जपून वापरावा लागतो. जो आधीच खाली बसवलेला आहे, त्याला आणखी वाकायला सांगणं ही येशूची शिकवण नव्हे. गंगाळ उचलणारा त्या खोलीतला सर्वांत मोठा माणूस होता. त्याला नाही म्हणता येत होतं, तरी तो उठला. म्हणून ती सेवा.

तेव्हापासून आमच्या वर्गात एक नियम आहे. ज्याला घरात सर्वांत जास्त मिळतं, त्याने आधी उठायचं. बहुतेक घरांत तो मुलगा असतो. म्हणून मंडळीत प्रीतिभोजन झालं की पातेली मुलगे घासतात. भाताचं करपलेलं बूड खरवडायला काथ्या कसा धरायचा हे मी त्यांना दाखवते आणि शेजारी बसून एक पातेलं मीही घासते. पहिल्या वर्षी दोन आज्यांनी माझ्याकडे तक्रार केली की, पोरांना कशाला बसवलं मोरीत? आता त्याच आज्या पातेलं उचलून उजेडात धरतात आणि ‘इथे राहिलंय’ म्हणून परत देतात.

आणखी दोन गोष्टी आम्ही करतो. त्यातली एक म्हणजे गुप्त काम. प्रत्येकाने घरातलं असं एक काम निवडायचं जे दुसरं कुणीतरी रोज करतं आणि ज्याची कुणी दखल घेत नाही. पिण्याच्या बाटल्या भरणं, कचऱ्याचा डबा खाली नेणं, वाळलेले कपडे काढून घड्या घालणं. ते तीस दिवस करायचं. कुणाला सांगायचं नाही, स्टेटसला टाकायचं नाही, घरच्यांनी विचारलं तर हसून विषय बदलायचा. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये, या डोंगरावरच्या प्रवचनातल्या शिकवणीचा हा आमचा गृहपाठ. मुलांना न सांगणं हेच सगळ्यात जड जातं. एकजण म्हणाला, ‘टीचर, काम जमतंय, पण कुणाला कळतच नाही.’ मी म्हटलं, आईला हे पंधरा वर्षं जमतंय. तो काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरं कामही घेतलं.

दुसरी गोष्ट सोबत. आमच्या मंडळीत काही वृद्ध एकटे राहतात. दोन मुलांनी एका घरी जायचं, दर शनिवारी, तीन महिने. तेच घर, तीच मुलं. वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या आजींसमोर भरायच्या, बल्ब गेला असेल तर बदलायचा. पहिले तीन शनिवार कंटाळ्याचे जातात. चौथ्याला जायला उशीर झाला की आजींचा फोन येतो, ‘का रे, आला नाहीस?’ तो फोन फार महत्त्वाचा. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे मुलाला पहिल्यांदा कळतं. नऊ वर्षांत मला जेवढं दिसलं त्यावरून सांगते, उपदेशाने जे होत नाही ते त्या फोनने होतं.

यात मी नवं काही शोधलेलं नाही. पंडिता रमाबाईंचं काम तुम्हाला माहीत आहे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढे ते पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून वाचवलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. या मुलींना फक्त खाऊपिऊ घालून बसवून ठेवलं असतं तरी जगाने रमाबाईंना धन्य म्हटलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. आधीपासून असलेल्या मुलींवर नव्यांना सांभाळण्याची जबाबदारी आली. शेती, विणकाम, स्वयंपाक, छापखाना, सगळीकडे मुलीच उभ्या राहिल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला. रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने तिथे अंध मुलींना ब्रेल शिकवलं. ज्या मुलींकडे द्यायला काहीच नाही असं जग समजत होतं, त्यांच्याकडे रमाबाईंनी मागितलं. आपल्या मुलांकडे तर किती आहे! आपण मागत नाही, एवढंच.

या सगळ्याने मुलं बदलतात का? एक उदाहरण सांगते. एका मुलाच्या घरी गावाकडची आजी राहायला आली. पडून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. तिचा पलंग मुलाच्या खोलीत लागला. मुलगा तेरा वर्षांचा. त्याने आईवडिलांशी बोलणं सोडलं. मित्रांना घरी आणणं बंद. वर्गात येऊन मला म्हणाला, ‘मला कुणी विचारलंच नाही.’ त्याचं म्हणणं खरं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी त्याला उपदेश केला नाही. त्याच्या वडिलांना सांगितलं, खोली आता परत देता येणार नाही, पण एक काम त्याचं एकट्याचं करून द्या, जे दुसरं कुणी करणार नाही.

वडिलांनी आजीच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम त्याला दिलं. दिवसातून तीन वेळा. दुपारचं शाळेतून आल्यावर. सुरुवातीला तो तोंड वाकडं करून घालायचा. मग आजी थेंब पडताच डोळे मिटून लहानपणीचं काहीबाही सांगू लागली. पुढे तो वॉकर धरून तिला गॅलरीपर्यंत नेऊ लागला. तो संत झाला नाही. आजही हेडफोन घालून बसतो आणि चार हाका मारल्याशिवाय ओ देत नाही. पण गेल्या वर्षी आजी वारली तेव्हा तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘टीचर, चार वाजले की अजून उठतो मी.’ याहून जास्त मी काही मागत नाही.

काय चालत नाही तेही सांगते. सेवेला गुण दिले की ती गुणांसाठी होते. प्रमाणपत्र दिलं की प्रमाणपत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी थांबते. शिक्षा म्हणून सेवा दिली, ‘उशिरा आलास, आता वर्ग झाड’, तर झाडणं हीच शिक्षा आहे हे मूल जन्मभर लक्षात ठेवतं आणि झाडणाऱ्या माणसाकडेही त्याच नजरेने बघतं. आणि आपण सोफ्यावर बसून ‘जा, आजोबांना पाणी दे’ म्हटलं, तर ते पाणी देईल, पण त्याच्या डोक्यात एवढंच राहील की मोठा माणूस तो, जो सोफ्यावर बसतो.

आपल्या शाळेने हे आपल्याला वेगळं शिकवलं. शनिवारी सकाळी मैदान झाडायची पाळी असायची. आठवतं ना? पाळीच्या यादीत सगळ्यांची नावं असायची, डॉक्टरांच्या मुलाचं आणि शिपाईमामांच्या मुलाचं शेजारी शेजारी. आणि मुख्याध्यापक सर पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडून, खराटा घेऊन आपल्या आधी लिंबाच्या झाडाखाली हजर असायचे. सरांनी त्यावर कधी भाषण केल्याचं मला आठवत नाही. आमच्या कंपन्यांमध्ये ‘सर्व्हंट लीडरशिप’ नावाचं प्रशिक्षण असतं. रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या १९७० मधल्या एका निबंधापासून हे नाव रूढ झालं. चाळिशीतल्या मॅनेजरांना दोन दिवस हॉटेलात बसवून, स्लाइड दाखवून शिकवतात की जो पुढारी आहे त्याने आधी सेवक व्हावं. मी त्या प्रशिक्षणाला बसले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर स्लाइड नव्हती, सरांचा खराटा होता.

गुरुजनहो, आपल्यापैकी काहीजण अजून शिकवत आहात, काहीजण निवृत्त झाला आहात. आपल्याला एकच विनंती आहे. पाळीची यादी जिथे बंद पडली असेल तिथे ती पुन्हा सुरू व्हावी यासाठी शब्द टाका, आणि यादीत पहिलं नाव शिक्षकांचं असू द्या. पालक तक्रार करतील. करू द्यात.

आणि मित्रमैत्रिणींनो, आपली मुलं आज इथे मागच्या रांगांत बसली आहेत. बरीचशी मोबाइलमध्ये डोकं घालून आहेत, तरी आपल्याकडे लक्ष ठेवून आहेत. थोड्या वेळाने जेवण आहे. केटररची माणसं सकाळपासून उभी आहेत. जेवण झालं की खुर्च्या एकावर एक रचायच्या आहेत, पत्रावळी गोळा करायच्या आहेत. मुलांना काही सांगू नका. आधी आपण उठू या. आपल्या बॅचमध्ये जे सर्वांत मोठ्या हुद्द्यावर आहेत त्यांनी सर्वांत आधी.